चारी शेजाऱ्याइची बेरीज

जय भीम. रामराम.

नानाच्या घरवाल्या आपल्या काकू, किसनभाऊ, वरच्या गावातले सारे, भीमनगरातले सारे, अन् खामगावाहून जे साहेब लोक आले ते. सारेच बसेल हा म्हनून म्हनतो, मले अशा सभेत बोलाचं माहीत नाही. मास्तरनं कागदावर लिहून देतो म्हटलं होतं. मीच नाही म्हटलं. दुसऱ्याचे शब्द माह्या तोंडात बसत नाही.

ज्याइले मी माहीत नाही त्याइले सांगतो. मी गौतमी. भीमनगरातल्या, बाजा विनते त्या सुदामची पोरगी. पाचवीत शाळा सोडली. धाकट्या दोघाइले पाहाले घरी कोनी नव्हतं. म्हनून माहं गनित पाचवीपावतरच हाये. बेरीज, वजाबाकी, गुनाकार, भागाकार. बस.

अन् तेवढ्याच गनितावर वामननानानं अन् मी या गावाखालचं पानी कुठी चाललं ते काढलं. हे मी आज मान वर करून सांगतो. आजपावतर कोनाले सांगलं नव्हतं.

आज नाना जाऊन आठ दिवस झाले. नाना कोन होते ते तुमाले सांगाची गरज नाही. पन खामगावच्या साहेबाइले सांगतो. नाना इथलेच. बापाचा भाजीपाल्याचा मळा. नाना शिकले, ओव्हरसियर झाले. कालवे खंदले, बंधारे बांधले, नोकरी संपली तसे परत आले. येतानी दोन गोष्टी आनल्या. एक जमिनीचा उंचसखलपना मोजाची तीन पायाची दुर्बीन, अन् एक लोखंडाच्या पट्टीचा लांब टेप. बाकी पेटीत कपडे होते ते काकूले माहीत.

मंग आपल्या गावात साबनाचा कारखाना आला. खामगावच्या तेलाच्या गिरन्यातली गाद, म्हंजे तेलाचा तळाचा गाळ, गाडीगाडीनं येऊ लागली, तिचा साबन शिजे. शिजला की खाली जे काळं खारं पानी उरे ते मांगच्या खड्ड्यात सोडत. खड्डा कधीच भरे ना. लोक म्हनत, लय नशिबाचा खड्डा हाये, कितीबी टाका भरतच नाही. आपल्या घरचे मानसं तिथी कामाले होते. आम्ही खुश होतो.

नाना खुश नव्हते. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हनत, "भरत नाही म्हंजे कुठी तं जाऊन राह्यलं ना बापा."

दोन सालानं कारखान्यालगतच्या वावरातली विहीर खारी झाली. बैलानं तोंड लावलं अन् मान फिरवली. तवा लोक नानाकडे गेले. आता म्होरं कोनाची पाळी?

नानाले मोजाले कोनी तरी लागत होतं. प्रत्येक विहिरीत पानी किती खोल ते मोजाचं. वरच्या गावातल्या विहिरीत नाना सोता टेप सोडत. पन भीमनगरातल्या दोन विहिरी राह्यल्या.

मी आता जे बोलनार ते कोनाले वाईट वाटलं तं वाटो. आमच्या विहिरीत गेलेला टेप वरच्या विहिरीत चालला नसता. हे कोनी बोललं नाही. बोलाचं कामच नव्हतं. नानाले माहीत होतं, मायले माहीत होतं, मलेबी माहीत होतं. नाना माह्या बाले म्हने, "सुदाम, तू दोर वळून दे. त्याले मी फूटफुटावर गाठी बांधतो. तुमच्या विहिरी तुही पोरगी मोजन."

दोर मीच वळला. अंबाडीचा, नवा कोरा. नानानं ओट्यावर बसून, टेप लावून लावून त्याले गाठी बांधल्या. शेवटाले लोखंडाचं वजन बांधलं. अन् मले शिकवलं.

कसं शिकवलं सांगू? विहिरीवर दहा बाया. कोनी घागर घासते, कोनी बोलते, पोट्टे ओरडते. नाना दूर, रस्त्यावरच उभे. तिथूनच ओरडत, "गप्प बसवा साऱ्याइले! वजन पान्याले टेकलं की आवाज येते. बारीक. टुप. तो आयकू आला पायजे. आयकल्याबिगर गाठ मोजाची नाही."

अन् माह्यासारखीनं बायाइले गप्प बसा म्हनाचं! शेवटी सोनामावशी ओरडली, "ए बायाहो, चूप! नानाची कारकून आली!" साऱ्या हासल्या. अन् मंग चूप झाल्या.

आकडे आले. वरचे टेपाचे, आमचे दोराचे. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची नानानं दुर्बिनीनं घेतली. मंग नानानं ओट्यावर मोठा कागद पसरला. त्याच्यावर चौकोनच चौकोन. सारं गाव त्याच्यात. हा नाला, हा कारखाना, हे मारुतीचं देऊळ, हे भीमनगर.

मी ओट्याच्या खाली उभी. नाना म्हने, "वर ये." मी काकूकडे पाह्यलं. काकू, तुमी तवा काही बोलल्या नाही. तुमी माह्यासाठी येगळा कप ठेवला होता, कान तुटका, निळ्या फुलाचा. मले त्याचं काही नाही वाटलं तवा. आता सांगतो कारन तुमीच मले म्हटलं, सांग.

नाना म्हने, "ज्या चौकोनात विहीर हाये तिथला आकडा आपल्याले माहीत हाये. तो पक्का. त्याले हात लावाचा नाही. बाकीच्या चौकोनात जमिनीखाली पानी कुठपावतर हाये, माहीत नाही. मंग काय कराचं?"

मी वाकून कागद पाह्यला. मंग नानाच म्हने,

"आधी अंदाजानं काहीबी लिहून टाक. मंग एकेक चौकोन घे. त्याचे चार शेजारी पाह्य. वरचा, खालचा, डावा, उजवा. चारीची बेरीज कर. चारानं भाग. जे आलं ते त्या चौकोनात लिही. मंग पुढचा चौकोन."

"अन् साऱ्याचं झालं की?"

"की पुन्हा पयल्यापासून."

"कितीक डाव?"

"आकडे हलाचे थांबत नाही तोपावतर. हलाचे थांबले की समजाचं, पानी थिरावलं."

लोकहो, हे आयकून मी हासली. नानाच्या म्होरं पयल्यांदा हासली. एवढा मोठा ओव्हरसियर, अन् गनित हे? बेरीज अन् भागिले चार? नाना म्हने, "हास. पन मले सांग, जमिनीखालचं पानी काय शिकलेलं हाये? त्यालेबी एवढंच येते. ते शेजाऱ्याकडे पाहून राह्यते. उंच तिकून खाली जाते. बाकी त्याले काही समजत नाही."

मी महिनाभर ते केलं. दुपारी, भाकरी थापून झाल्या की. खोडायचं, लिहाचं. खोडायचं, लिहाचं. कागदाले भोकं पडले. रस्त्यानं जाताना मले चौकोन दिसत. माय पीठ मळे अन् मी बाजूले बसून चारीची बेरीज बोटावर मोजे. माय म्हने, "पोट्टीले लागीर झालं."

आकडे थिरावले. नानानं त्याच्यावर तांबड्या शाईनं बान काढले, उंचाकडून खालीकडे. बान सारे कारखान्यापासून निघून नाल्याकडे गेले. भीमनगरच्या बाजूनं एकबी नाही.

ग्रामसभेत नाना उभे राह्यले अन् म्हने, "भीमनगरले धोका नाही." आमच्याकडचे लोक रडले खुशीनं. मायनं गूळ वाटला. आम्ही तेच पानी पेत राह्यलो. माहे धाकटे दोघं तेच पानी पेत राह्यले.

आता आयका. हे मले सांगाचं होतं म्हनून मी आज उभी हाये.

त्याच्यानंतर महिनाभरानं बा बाज कसून राह्यला होता. नवी विनलेली बाज. चार दिवस कोनी झोपलं की झोळ पडते, मंग पायथ्याचा दोर पुन्हा कसा लागते. साऱ्याइच्या घरी हेच. नवा दोर ताणते. म्हनून आमच्यात वळलेला दोर आधी धोंडा बांधून चार दिवस झाडाले टांगून ठेवते. तान निघून गेला की मंग वापरते.

नानानं ज्या दोराले गाठी बांधल्या तो टांगलेला नव्हता. कोरा होता.

अन् मले हे त्या दिवशीच माहीत होतं. नाना गाठी बांधत होते तवाच माह्या मनात आलं होतं, नाना, आधी टांगा. जिभेवर आलं होतं. पन नाना ओव्हरसियर. मी कोन? मी म्हटलं, बोटभर ताणन, त्याच्यानं काय होते?

बाजेचा दोर कसला जाताना पाह्यला अन् मी तिथीच गनित मांडलं. दोर ताणला तं गाठी लांब होते. गाठी लांब, तं मोज कमी येते. मोज कमी, तं आमच्या विहिरीचं पानी हाये त्याच्याहून उंच दिसते. उंच दिसलं तं बान आमच्याकडे येनारच नाही.

तीन दिवस मी नानाच्या घरी जाऊन आली. ओट्याखाली उभी राहे अन् परत ये. एका दिवशी काकू म्हने, "काऊन येतं वं पोरी, काही पायजे का?" मी नाही म्हटलं.

चौथ्या दिवशी मी दोर घेऊन गेली. नाना आंगनात नव्हते. टेप खुंटीले होता. मी काढला. आंगनात दोर पसरला, त्याच्या बाजूले टेप पसरला. वजनाच्या टोकाकडून. अन् उभी राह्यली.

नाना आले. पाह्यलं. वाकले. दोराची चाळिसावी गाठ जिथी होती तिथी टेपावर साडेएक्केचाळीस होतं.

नाना तिथीच मातीत बसले. पांढऱ्या धोतरानं.

मंग म्हने, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"गाठी बांधल्या तवापासून."

मले वाटलं आता हानते. नाही हानलं. म्हने, "काऊन नाही बोलली पोरी?"

"तुमी ओव्हरसियर हा."

नानानं मान हालवली. म्हने, "तुले दोराचं माहीत होतं, तू बोलली नाही. ठीक. तू लहान हायेस. पन मलेबी एक माहीत होतं. टेप माह्या हातात होता. तो मी तुमच्या विहिरीत काऊन नाही टाकला? ते तं मले कोनी इचारलं नाही. मीच मले इचाराले पायजे होतं."

मंग त्याइनंच सांगलं.

"भेलो मी. बस. गनित बराबर होतं. मानूस भेकड निंघाला."

लोकहो, ओव्हरसियर मानूस एका पोरीच्या म्होरं मातीत बसून असं म्हनते. मी आजपावतर असा मानूस पाह्यला नाही.

पुढच्या ग्रामसभेत नाना उठले. मी मांगं बायाइत होती. नाना म्हने, "मांगच्या येळी मी जे सांगलं ते चूक होतं. दोर ताणला होता. दोराची चूक नाही. मी वरच्या गावाच्या अन् भीमनगरच्या विहिरीसाठी दोन मापं वापरले. एक लोखंडाचं अन् एक अंबाडीचं. इटाळ होईन म्हनून. पान्याले इटाळ नाही लागत, ते खालून जाऊन राह्यलं. चुकलो मी. भीमनगरच्या लोकाइले हात जोडतो."

कारखान्याचा मॅनेजर तिथी बसेल होता. हासला. म्हने, "नाना, मांगं एक सांगलं, आज दुसरं. उद्या तिसरं सांगान. हे काय शास्त्र हाये का पंचांग?"

नाना म्हने, "चूक सापडते म्हनूनच शास्त्र हाये बापा. पंचांगात कोनी चूक शोधत नाही."

सारे हासले. मॅनेजरबी हासला, काय करन.

दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, बायाइच्या पानी भराच्या येळेले, नाना टेप घेऊन आमच्या विहिरीवर आले. सोता. रस्त्यावर नाही उभे राह्यले. काठावर आले. टेप सोडला. सोनामावशी कोनाले चूप म्हनाच्या आधीच सारं चूप. टुप. आकडा लिहिला. मंग दुसरी विहीर. अन् मंग तोच टेप, तसाच ओला, गुंडाळून, वरच्या गावाकडे निंघाले. मी मांगं.

किसनभाऊ, रागावू नका. तुमी सरपंच होते, तुमाले उभं राहा लागलं. तुमी आडवे झाले अन् म्हटलं, "नाना, तो टेप तिकडून आला."

"हाव."

"मंग धुऊन तरी घ्या."

"धुतो. कोनत्या पान्यानं धुऊ? ते खालून एकच हाये, मीच शोधून काढलं ते."

"नाना, लोक आयकनार नाही."

"नको आयकू. मंग तुमच्या विहिरीचा चौकोन कोरा ठेवतो. तवापासून पानी खाली गेलं, जुनं माप मी वापरत नाही. एका डावात एकच माप. खारं पानी तुमच्याकडे येनार का नाही, मी सांगू शकनार नाही. तुमीच ठरवा."

पंधरा-वीस मानसं होते. अन् मंग काय झालं ते साऱ्याइले माहीत हाये, पन मले सांगू द्या.

काकू तिथी पान्याले आल्या होत्या. घागर खाली ठेवली. पदर खोचला. नानाच्या हातातून टेप घेतला. अन् किसनभाऊच्या बाजूनं जाऊन सोताच्या हातानं विहिरीत सोडला. म्हने, "आता चूप राहा सारे. आवाज आयकाचा हाये."

अन् साऱ्याइनं आयकला.

त्या दिवशी मी घरी जाऊन मायले सांगलं तं माय म्हने, "खोटं." दोन डाव सांगा लागलं.

पुन्हा कागद. पुन्हा चौकोन. या डावाले मी ओट्यावर बसून केलं. पन निळ्या फुलाचा कप तोच होता, खोटं काऊन सांगू. गोष्टी एका दिवसात नाही बदलत. आकडे थिरावले तसे बान फिरले. कारखान्यापासून निघून नाल्याकडे थोडं जाऊन, वळून, सरळ भीमनगराखाली.

मंग खारं पानी किती जल्दी येईन ते काढाले पायजे होतं. नानानं त्याच मुरुमात दोन खड्डे खंदले, एकात मीठ कालवलं. दुसऱ्यातलं पानी मी रोज ताटलीत घेऊन उन्हात आटवे. काही दिवसानं ताटलीत पांढरं उरू लागलं. तेवढ्यावरून नानानं पान्याची चाल काढली. अन् म्हने, ते एकदम भिंतीसारखं येत नाही. पसरत येते. आधी बारीक, जिभेले समजनारबी नाही. मंग जास्त. मंग लय.

नानानं सांगलं, "पोळ्याच्या आसपास."

भीमनगरनं त्याच आठवड्यात विहिरीचं पानी पेनं सोडलं. उन्हाळा होता, लय हाल झाले, वरच्या गावातून घागरी भरून आनल्या. काही लोक म्हनत, नाना येडा झाला, विहीर गोड हाये अन् हा बंद करते. माहा बाच म्हने. मी रोज आमच्या विहिरीचं पानी ताटलीत आटवे. काहीच उरे ना. मलेबी भेव वाटे, नाना पुन्हा चुकले तं?

पोळ्याच्या सहा दिवस आधी ताटलीत पांढरी कड दिसली. नखानं खरडली तं निंघे एवढी. मी पळत गेली. नाना बैलाच्या शिंगाले रंग लावून राह्यले होते, हात तांबडे. ताटली पाह्यली. खुश बी झाले अन् चेहरा बी उतरला. मंग काय म्हने माहीत हाये? "सहा दिवसानं चुकलो."

पोळा झाला अन् पंधरा दिवसात ती विहीर बैल तोंड लावनार नाही अशी झाली. पन तिचं पानी कोनाच्या पोटात नव्हतं. माहे धाकटे दोघं आज तिथी बसेल हाये, पाहा. तो नाक पुसून राह्यला तो.

जे पानी यायच्या आधी कागदावर आलं होतं, त्याच्याम्होरं मॅनेजरले काही बोलता आलं नाही. नाना कागद घेऊन तालुक्याले गेले, तीन खेपा. खड्डा बुजला. दगड-चुन्याचं टाकं बांधलं. अन् ही विहीर, जिच्या काठावर आपून आज बसेल हा, ही त्याच कागदावर पाहून खंदली. बान जिथून निंघते त्याच्या वर. नानानं बोट ठेवलं तो चौकोन मीच भरला होता.

हिच्यावर अजून दोन बाजूले दोन गडगड्या हाये, एक वरच्या गावाची, एक भीमनगरची. मले दिसते. साऱ्याइले दिसते. नाना म्हनत, एका डावात आकडे नाही थिरावत पोरी, पुन्हा पयल्यापासून घ्या लागते. मी तेवढंच म्हनतो.

नाना मले नेहमी म्हनत, "चूक आकड्याची नाही होत गौतमे. ज्याले माहीत हाये तो बोलत नाही, तिथी होते." म्हनून आज बोलली. नाना, बोलली मी. साऱ्याइच्या म्होरं बोलली.

आता एकच काम राह्यलं. नाना दर महिन्याले या विहिरीचं पानी मोजत. वहीत एकबी महिना कोरा नाही. या महिन्याचा राह्यला. परवा काकूनं मले घरात बोलावलं, चहा दिला. साध्या कपात, जो त्याइच्याकडे साऱ्याइले असते. अन् टेप माह्या हातात ठेवला.

हा पाहा.

मी आता टेप सोडतो. तुमी सारे उभे राहा. कोनी खाकरू नका, लेकराइले चूप करा. वजन पान्याले टेकलं की आवाज येईन. बारीक हाये. वरच्या गावाले बी आयकू आला पायजे अन् भीमनगरले बी. आवाज आला की मनातल्या मनात नानाले हात जोडा अन् घरी जा.

आकडा मी लिहून ठेवतो.